डेकची तीच फळी पुन्हा पुन्हा कुजतेय? नवी ठोकायच्या आधी हे तपासा

यातलं काही तुमच्या डेकवर, म्हणजे घराबाहेरच्या उघड्या लाकडी ओट्यावर, दिसतंय का ते आधी बघा. चालताना एका ठराविक जागी फळी पायाखाली दबते, हातभर बाजूला पाय ठेवला तर कडक लागते. पाऊस थांबून दोन दिवस झाले, सगळा डेक वाळून फिका पडला पण एक पट्टा अजून काळपट ओलाच आहे. स्क्रूचं डोकं वर आलंय आणि आवळायला गेलं तर नुसतं गरागरा फिरतंय, पकडतच नाही. दोन फळ्या टोकाला टोक लावून जिथे भिडतात तिथे लाकडाला उभ्या-आडव्या भेगा पडून बारीक बारीक चौकोन झालेत, नखाने खरवडलं की तपकिरी भुगा हातात येतो. किंवा लाकूड पांढरट पडलंय आणि त्याचे दोरे सुटतायत. फटीतून चपटी बुरशी नाहीतर छोटी छत्री उगवलीय. खाली वाकलं की बंद खोलीसारखा कुबट वास येतो. आणि यातलं सगळ्यात महत्त्वाचं लक्षण म्हणजे हीच फळी, किंवा हिच्या अगदी शेजारची, तुम्ही याआधी एकदा बदललेली आहे.

काही गोष्टींना उगाच घाबरू नका. लाकूड राखाडी झालंय म्हणजे कुजलं असं नाही, उन्हाने वरचा पातळ थर फक्त रंग सोडतो. लांबीच्या दिशेने केसासारख्या बारीक भेगा पडतात त्याही चालतात, लाकूड रोज भिजतं वाळतं त्यामुळे होतं ते. हिरवट बुळबुळीत थर असेल तर ते शेवाळ, ब्रशने घासून निघतं, पण तिथे ओल टिकते एवढी खूण त्यातून घ्या.

आता शब्द एकदा स्पष्ट करून घेऊ म्हणजे पुढे गोंधळ नको. पायाखाली असते ती फळी. फळ्या ज्यावर आडव्या टाकलेल्या असतात ते वासे, काही जण जॉइस्ट म्हणतात. वासे ज्या जाड लाकडावर टेकतात ती तुळई, आणि तुळई खांबांवर. डेक घराला चिकटून असेल तर भिंतीला बोल्टने बसवलेली एक लांब जाड पट्टी असते, तिला लेजर म्हणतात, वाशांची एक बाजू तिच्यावर असते. ही लेजर लक्षात ठेवा, शेवटी तिच्याबद्दल बोलायचंय.

फळी कुजते ती बुरशीमुळे. बुरशीला हवा लागते, ऊब लागते, खायला लाकूड लागतं आणि पाणी लागतं. पहिल्या तीन गोष्टी आपल्या हातात नाहीत, डेक उघड्यावर आहे तर हवा आणि ऊब असणारच आणि लाकूड तर आहेच. राहिलं पाणी. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी वाढत नाही, हा आकडा सगळे सुतार आणि लाकूडवाले धरून चालतात. म्हणजे पाऊस पडून लाकूड भिजलं तरी हरकत नाही, ते परत वाळलं पाहिजे. जी फळी वाळत नाही ती कुजते. म्हणून तीच जागा परत परत कुजत असेल तर तिथे पाणी एकतर बाकीच्यापेक्षा जास्त येतंय किंवा अडकून बसतंय, आणि ते न शोधता नवी फळी ठोकली तर तुम्ही बुरशीला नवं जेवण वाढताय, दुसरं काही नाही.

पहिलं काम अगदी फुकटातलं, झाडू घ्या आणि फटी मोकळ्या करा. ऐकायला किरकोळ वाटतं पण मी बघितलेल्या निम्म्याहून जास्त डेकवर फटींमध्ये पानं, माती, धूळ, केस असं सगळं दाबून बसलेलं असतं, वर्षानुवर्षांचं. ते स्पंजसारखं पाणी धरतं आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांच्या कडांना चोवीस तास ओलं फडकं लावून ठेवल्यासारखं होतं. झाडूने निघत नाही, पुट्टी मारायची पातळ पट्टी किंवा जुनं हॅक्सॉ ब्लेड फटीत घालून ओढा. वाशाच्या बरोबर वर जी फट येते तिथे जास्त लक्ष द्या कारण बाकी ठिकाणचा कचरा खाली पडून जातो, वाशावरचा तिथेच बसतो. फट किती रुंद आहे तेही बघून घ्या, वाळलेल्या फळ्यांमध्ये ३ ते ६ मिलिमीटर असावी, एखादा जाड खिळा सरळ आत जायला हवा. फळ्या एकमेकींना चिकटल्या असतील तर पाणी उतरणार कुठून? याच फेरीत कुंड्या, पायपुसणी, रबरी मॅट सगळं उचला. कुंडी सहा महिने एकाच जागी असेल तर तिच्याखालचा गोल बघा, बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळतं. कुंडीला खाली तीन ठोकळे लावून बोटभर उचललं की हवा खेळते, प्रश्न मिटतो.

दुसरं, बादलीभर पाणी. डेक पूर्ण कोरडा असताना संशयाच्या जागेच्या वरच्या बाजूला हळूहळू पाणी ओता आणि ते कुठे जातं ते खाली बसून बघा, उभं राहून नाही दिसत. कुठे थांबतं, कुठल्या फटीतून उतरतं, कुठल्या फळीची मधली बाजू खोलगट झाल्यामुळे त्यात तळं होतं. मग अजून एक करा, जे बहुतेक लोक करत नाहीत. भर पावसात बाहेर या, छत्री घेऊन या पण या, आणि त्या फळीपाशी पाच मिनिटं थांबा.

माझ्या स्वतःच्या डेकवर दरवाजासमोरची फळी मी तीनदा बदलली. पहिल्यांदा वाटलं लाकूड जुनं झालं असेल, दुसऱ्यांदा वाटलं लाकूड हलकं आलं, तिसऱ्यांदा चांगलं महाग लाकूड आणलं, सगळ्या बाजूंनी तेल लावलं, आणि तरी दोन वर्षांत टोक मऊ. मग एका संध्याकाळी पाऊस चालू असताना दरवाज्यात बसून राहिलो. पाऊस जोरात होता तोवर काही कळलं नाही, सगळीकडेच पाणी. पाऊस थांबला, आणि तेव्हा दिसलं. छपराच्या पन्हळीच्या सांध्यातून एक थेंब, मग दोन-तीन सेकंदांनी दुसरा, अगदी एकाच जागी, बरोबर दोन फळ्यांच्या जोडावर. पडला की बारीक उडायचा आणि त्या उडालेल्या पाण्याने वीतभर गोल ओला राहायचा. मी घड्याळ लावून बघितलं, पाऊस थांबल्यावर पुढे दोन तास ते चालू होतं. म्हणजे प्रत्येक पावसानंतर बाकीचा डेक वाळायला सुरुवात व्हायची आणि ही जागा अजून भिजतच असायची. सांधा साफ करून सीलंट भरलं, चौथी फळी टाकली, आज सहा वर्षं झाली, टोच्या, म्हणजे भोक पाडायचं टोकदार हत्यार, आत जात नाही.

त्यामुळे वर बघा. पन्हळीचा सांधा, छपराची कड, एसीचा पाण्याचा पाइप, नळाची गळकी तोटी, झाडांना पाणी घालताना रोज एकाच ठिकाणी ठेवलेला होज. एसीचं पाणी तर पावसाळा नसतानाही पडतं, वर्षातल्या ज्या महिन्यांत लाकूड वाळायला हवं नेमकं तेव्हा.

तिसरी तपासणी टोच्याची. टोच्या नसेल तर बारीक स्क्रू ड्रायव्हर चालेल. फळीच्या टोकांना, प्रत्येक स्क्रूच्या भोवती, वाशाच्या वरच्या भागात आणि गाठींच्या कडेला दाबून बघा, ठोकायचं नाही, हाताच्या जोराने दाबायचं. चांगल्या लाकडात टोक दोन-तीन मिलिमीटर शिरतं आणि अडतं. कुजलेल्यात सरळ आत जातं, कधीकधी मुठीपर्यंत. संशय वाटला तर टोच्या थोडा तिरपा घालून एक ढलपी उपसा आणि तिचा आवाज ऐका. चांगलं लाकूड कटकन वाजतं आणि लांब, रेषेच्या दिशेने जाणारी ढलपी निघते. कुज लागलेलं लाकूड आवाजच करत नाही, ढलपी मधेच आडवी तुटते, जुना खडू मोडावा तशी. ही परीक्षा मला सगळ्यात भरवशाची वाटते कारण वरून रंग किंवा तेल लावलेलं असलं की डोळ्याला काहीच कळत नाही, वरचा दोन मिलिमीटरचा थर ठणठणीत आणि खाली पोकळ असं खूप वेळा सापडतं. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितलं तरी पोकळ जागेचा आवाज बसका येतो. ओलावा मोजायचं दोन टाचण्यांचं मीटर असेल तर उत्तम, नसलं तरी अडत नाही.

जिथे जिथे मऊ लागेल तिथे खडूने खूण करत जा आणि मग उभं राहून सगळ्या खुणा एकत्र बघा. त्यातून बरंच कळतं. खुणा सगळ्या एका रेषेत, एकाच वाशावर असतील तर तो वासा कुजलाय, फळ्या नाहीत, फळ्यांना त्याच्याकडून लागण होतेय. खुणा फक्त फळ्यांच्या जोडांवर असतील तर जोडाची पद्धत चुकलीय. एकाच ठिकाणी गोळा झाल्या असतील तर वरून पाणी येतंय किंवा तिथे कुंडी होती. भिंतीच्या कडेने रांगेत असतील तर पुढचं सगळं वाचायच्या आधी सरळ शेवटाकडे या.

एक फरक इथेच ओळखून घ्या. लाकडात पोकळी आहे, लांबीच्या दिशेने बोगदे आहेत, कुठे मातीच्या बारीक नळ्या वर चढलेल्या दिसतायत, तर ती वाळवी आहे, कुज नाही. दोन्ही एकत्रही असतात, वाळवीला ओलं लाकूड आवडतं. पण वाळवी असेल तर फळी बदलून काहीच होत नाही, तिच्यावर आधी उपाय करा.

चौथं काम जरा कपडे खराब करणारं, डेकच्या खाली जायचं. टॉर्च घ्या, डोळ्यावर चष्मा लावा कारण वरून भुगा पडतो, आणि सावकाश बघा. डेक इतका बुटका असेल की खाली शिरता येत नाही तर फोनचा व्हिडिओ चालू करून हात आत घालून फिरवा, चांगलं दिसतं. खाली काय बघायचं? वाशांच्या वरच्या कडेला काळी रेघ, स्क्रू जिथून खाली आलेत तिथून गंजाचे ओघळ, पांढरे कापसासारखे तंतू. जमीन ओली आहे का, हवा यायला वाट आहे का. चारी बाजूंनी फळ्या मारून डेकची खालची जागा दिसायला छान म्हणून बंद केलेली असते, मग खालची वाफ वर येऊन फळ्यांच्या पोटाला लागते आणि फळी खालून कुजते, वरून शेवटपर्यंत कळत नाही. तसं असेल तर दोन समोरासमोरच्या बाजूंना जाळी लावून वारा मोकळा करा. माती वाशांना टेकलेली असेल तर उपसून काढा.

आता पाचवं, फळी उचलणं. इथून पुढे खर्च आणि मेहनत दोन्ही सुरू होतं, म्हणून आधीची चार कामं झाल्याशिवाय इथे येऊ नका.

गंजलेला स्क्रू काढताना आधी अर्धा फेरा आवळा, मग उलटा फिरवा, गंजाची पकड सुटते. डोक्याच्या खाचेत माती भरलेली असते ती टोच्याने साफ करा नाहीतर बिट घसरून खाच गोल होते आणि मग तो स्क्रू कधीच निघत नाही. झालीच गोल तर डोक्याभोवतीचं लाकूड पटाशीने कोरा, फळी टाकायचीच आहे, आणि लॉकिंग पक्कड लावून फिरवा. डोकं तुटलं तर फळी वर उचलून घ्या आणि उरलेली दांडी वाशाच्या पृष्ठभागाला कापून टाका. कटावणी लावताना शेजारच्या चांगल्या फळीवर टेकू घेऊ नका, मधे लाकडाचा तुकडा ठेवा, नाहीतर एक फळी काढताना दुसरीची कड दबते आणि तिथे पाणी साचतं.

फळी निघाली की घाईने नवी टाकायची नाही. वाशाकडे बघा. मी पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा हे दिसलं होतं: वाशाच्या माथ्यावर मधोमध स्क्रूच्या जुन्या भोकांची रांग, पहिल्या वेळेची, दुसऱ्या वेळेची, आणि प्रत्येक भोकाभोवती रुपयाएवढा काळा गोल, आणि सगळे गोल एकमेकांना मिळून एक काळी नाली झालेली. बोट फिरवलं तर गार आणि ओलं लागलं, चार दिवस ऊन होतं तरी. प्रत्येक भोक म्हणजे पाणी आत नेणारी नळी. जुन्या भोकात जास्त लांब स्क्रू मारून काम भागवतात ना, त्याने ही नळी फक्त अजून खोल होते.

वाशाचा माथा पटाशीने खरवडा, चांगलं कडक लाकूड लागेपर्यंत. माझा हिशोब असा आहे की वरचे पाच-सात मिलिमीटर गेले आणि खाली लाकूड कटकन वाजतंय तर वासा वाचतो. तो दोन-तीन दिवस उघडा ठेवून पूर्ण वाळू द्या, मग तांब्याचं लाकूड संरक्षक द्रावण ब्रशने दोनदा पाजा, जुनी भोकं पण भरा, आणि माथ्यावर ब्युटिलची चिकट टेप लावा, वाशासाठी मिळते ती. टेप स्क्रूभोवती घट्ट बसते आणि पाणी भोकात उतरू देत नाही. पण ओल्या वाशावर टेप मारू नका, ओल आत कोंडली जाते. त्याहून खोल गेलं असेल पण फक्त मधल्या भागात, तर तेवढ्याच उंचीचा नवा वासा शेजारी चिकटवून बोल्टने जोडतात, आणि तो फक्त कुजक्या तुकड्यापुरता नाही तर शक्यतो दोन्ही टेकूंपर्यंत लांब हवा. वजन नव्या वाशाने घ्यायला पाहिजे, म्हणून तुकडा लावून उपयोग नाही. हे काम हाताशी एक माणूस असेल आणि डेक जमिनीपासून गुडघाभर उंच असेल तर घरी होतं.

आता नवी फळी. जुन्या फळीची जाडी तिच्या चांगल्या टोकाला मोजा, साधारण २५ किंवा ३८ मिलिमीटर असते, तीच घ्या, नाहीतर कडेला पाय अडखळतो. २५ ची फळी असेल आणि वासे ४०० मिलिमीटरपेक्षा लांब लांब असतील तर ती दबणारच, तिथे दोष कुजीचा नाही, वाशांच्या अंतराचा आहे. फळी कितीही छोटी कापली तरी निदान तीन वाशांवर टेकली पाहिजे, दोनच वाशांमधला तुकडा टाकला तर तो पायाखाली उसळतो आणि स्क्रू ढिले होतात, आणि ढिला स्क्रू म्हणजे परत पाण्याला वाट. प्रेशर ट्रीटेड, म्हणजे दाबाने औषध मुरवलेली, फळी नवीन असताना बऱ्याचदा जड आणि ओली असते, ती वाळून आक्रसते, म्हणून तशी ओली असेल तर शेजारच्या फळीला जवळजवळ चिकटवून लावा, फट आपोआप पडते. वाळलेली असेल तर मात्र मोजून ३ ते ६ मिलिमीटर सोडा. ओली टाकताना फट सोडली की वर्षभरात बोट जाईल एवढी होते.

टोकांबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय कारण सगळा खेळ तिथे आहे. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. फळीच्या वरच्या अंगाने पाणी सावकाश मुरतं पण कापलेल्या टोकाने ते दहापट तरी जास्त वेगाने आत ओढलं जातं, नळ्यांची तोंडं तिथे उघडी असतात. आणि प्रेशर ट्रीटेड लाकडातसुद्धा औषध मधल्या गाभ्यापर्यंत सहसा पोचलेलं नसतं, त्यामुळे तुम्ही फळी कापलीत की आतलं बिनऔषधाचं लाकूड उघडं पडतं, आणि ते नेमकं जोडावर, जिथे सगळ्यात जास्त पाणी असतं. म्हणून प्रत्येक कापलेलं टोक, अगदी एक सेंटीमीटर जरी कापलं असलं तरी, बसवायच्या आधी संरक्षक द्रावणात बुडवा किंवा ब्रशने पिईल तितकं पाजा, पाच मिनिटांनी परत पाजा. एवढं एक काम लोक टाळतात कारण ते दिसत नाही. मी टोकं कापली की उलटी डब्यात उभी करून ठेवतो आणि तोवर दुसरं काम करतो.

जोडाची जुनी पद्धत अशी असते की दोन फळ्यांची टोकं एकाच वाशावर अर्धी अर्धी टेकवायची. वासा ३८ मिलिमीटर रुंद, म्हणजे प्रत्येक फळीला जेमतेम १९ मिलिमीटर, स्क्रू अगदी कडेला मारावा लागतो, टोक फाटतं, फाटीत पाणी. त्यापेक्षा वाशाच्या बाजूला, त्याला समांतर, एक लाकडाचा जाड तुकडा जोडा, जोड त्या तुकड्याच्या आणि वाशाच्या मधोमध आणा, दोघांमध्ये बोटभर मोकळी जागा सोडा. आता प्रत्येक टोकाला स्वतःचा आधार मिळतो आणि जोडातलं पाणी लाकडावर न बसता सरळ खाली पडतं. शेजारच्या रांगेतले जोड एका रेषेत आणू नका.

टोकाजवळ स्क्रू मारताना आधी बारीक भोक पाडून घ्या. स्क्रू स्टेनलेसचे, समुद्राजवळ असाल तर ३१६ ग्रेडचे, नाहीतर गरम जस्तात बुडवलेले. साध्या चकचकीत मुलाम्याचे नको, हल्लीच्या ट्रीटेड लाकडातलं तांबं त्यांना खाऊन टाकतं, वरून डोकं चांगलं दिसतं आणि आत दांडी सुतळीएवढी राहते. २५ च्या फळीला साधारण ६३ मिलिमीटर लांबीचे, ३८ च्या फळीला ७५ चे, प्रत्येक वाशावर दोन, कडेपासून दोन-अडीच सेंटीमीटर आत. डोकं फळीला सपाट झालं की थांबा. ड्रिलच्या जोराने डोकं खोल घुसवलं तर वर छोटी वाटी तयार होते, त्यात पाणी थांबतं.

फिलरबद्दल लोक हमखास विचारतात. कुजकी जागा कोरून त्यात इपॉक्सी भरलं तर? रेलिंगच्या वरच्या पट्टीवर, शोभेच्या ठिकाणी, कोरड्या लाकडात, बोटभर खड्ड्याला चालतं. चालायच्या फळीवर नाही, कारण लाकूड फुगतं आक्रसतं आणि फिलर तसाच राहतो, कडेने फट पडते आणि पाणी फिलरच्या खाली जाऊन बसतं. जाड रंगाचंही तेच, वर पापुद्रा धरतो, एकदा फुटला की पाणी आत आणि वाळायला वाट नाही. लाकडात मुरणारं तेल किंवा पातळ स्टेन लावा. नव्या फळीवर पाण्याचे थेंब टाकून बघा, वरच गोळे होऊन राहिले तर लाकूड अजून तेल घ्यायला तयार नाही, काही मिनिटांत मुरले तर लावा.

आता थांबायचं कधी. हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

लेजर, म्हणजे भिंतीला लागलेली पट्टी, तिच्यात टोच्या शिरला तर हत्यारं खाली ठेवा. डेक कोसळतात त्यात सगळ्यात जास्त वेळा तोच सांधा सुटलेला असतो, आणि तो हळूहळू वाकून इशारा देत नाही, माणसं वर उभी असताना एकदम सुटतो. लेजरच्या वर पत्र्याची वाकवलेली पट्टी, फ्लॅशिंग, नसेल आणि भिंतीवरचं पाणी मागे उतरत असेल, किंवा लेजर फक्त खिळ्यांवर असेल, एकही बोल्ट दिसत नसेल, तरीसुद्धा बोलवा जाणकाराला, कुज दिसत नसली तरी. तोवर डेकवर चार माणसं एकत्र जमू देऊ नका. भिंतीच्या आत किती ओल गेलीय हे उघडल्याशिवाय कळत नाही आणि उघडताना डेकला खालून तात्पुरता आधार द्यावा लागतो, ते अनुभवी माणसाचंच काम.

तसंच खांबाचा बुडखा मऊ असेल, तुळई कुजली असेल, वाशाचं टोक जिथे लोखंडी हँगरमध्ये बसतं तिथेच कुज असेल, किंवा शेजारशेजारचे दोन-तीन वासे एकदम गेले असतील तर. रेलिंगचा खांब हाताने हलत असेल तर तोही याच यादीत, लोक त्याला फळीचं काम समजतात पण त्याच्यावर माणूस रेलून उभा राहतो. जिन्याच्या बाजूच्या तिरक्या फळ्यांचंही तेच. डेक डोक्याएवढा उंच असेल तर साधी फळी बदलतानासुद्धा एकट्याने वर जाऊ नका, फळी काढलेल्या जागेत पाय जातो. खाली वीज किंवा गॅसची लाइन गेली असेल तर लांब स्क्रू मारायच्या आधी तिचा माग काढा, सापडत नसेल तर थांबा.

जुनं ट्रीटेड लाकूड असेल तर अजून एक काळजी. पूर्वी त्यात आर्सेनिकवालं औषध वापरायचे, अमेरिकेत घरगुती वापरासाठी ते २००३ च्या शेवटी बंद झालं, पण तेव्हाचे डेक अजून उभे आहेत. अशा फळ्या कापताना घासताना मास्क लावा, खाली ताडपत्री अंथरून भुगा गोळा करा, आणि काहीही झालं तरी जाळू नका, राखेत आर्सेनिक राहतं. टाकायचं कुठे ते कचरा उचलणाऱ्या यंत्रणेला विचारून घ्या.

सगळं झालं, फळी बसली, तेल लागलं. पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी परत त्या जागेपाशी खाली बसा. वाशाच्या कडेला, फळीच्या पोटाला, जोडाच्या फटीत बोट लावून बघा. दुसऱ्या दिवशी ओलं लागेल, ते ठीक आहे. तिसऱ्या दिवशी, बाकीच्या फळ्या सुकल्यावरही तिथे बोटाला गार ओल लागली तर फळीला परत हात लावू नका, बादली घ्या आणि पुन्हा वर बघायला सुरुवात करा.